संगमरवरी मुलीच्या कोपरातलं भोक

अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात पहिल्या मजल्यावर, खांबांच्या उंच दालनात, ६७९ क्रमांकाची मूर्ती उभी आहे. उंची जेमतेम १ मीटर २० सेंटिमीटर, दगड पारोस बेटावरचा संगमरवर, काळ इ.स.पू. ५३० च्या आसपास. ‘पेप्लोस कोरे’ या नावाने ती ओळखली जाते. पर्यटक तिच्या चेहऱ्यापाशी थांबतात, ओठांच्या कडांना आलेलं बारीक हसू बघतात आणि पुढे सरकतात. खरं बघण्यासारखं तिच्या डाव्या बाजूला आहे. दंड कोपरापाशी संपतो आणि तिथे दगडात मुद्दाम कोरलेली खोल खाच दिसते. हात तुटून पडलेला नाही. तो वेगळ्या दगडात घडवून या खाचेत बसवला होता आणि नंतर निखळून हरवला. त्या हातात काय होतं, यावर ही मुलगी कोण, हे ठरत होतं. आज ते ठरवता येत नाही.

पुरातन ग्रीक शिल्पातल्या या तरुण मुलींना कोरे म्हणतात, अनेक असल्या तर कोराय. इ.स.पू. ६५० ते ४८० ही साधारण त्यांची कारकीर्द. त्यांचा जोडीदार म्हणजे कूरोस, उभा तरुण. तो नागडा असतो, ती कायम वस्त्रांत. बहुतेक कोराय देवळाच्या आवारात नवस फेडायला किंवा कमाईतला वाटा म्हणून उभ्या केलेल्या, थोड्या थडग्यांवरच्या. त्यांच्यावर लिहिताना बहुतेकांची लेखणी हसण्यापाशी अडकते. हसू तर सगळ्यांनाच आहे, मुलांना, मुलींना, मरणाऱ्या योद्ध्यांनासुद्धा. त्यावरून एकीला दुसरीपासून वेगळं काढता येत नाही. वेगळेपण होतं ते जोडलेल्या वस्तूंत: हातातलं फळ, डोक्यावरचं धातूचं भूषण, कपड्यावरचा रंग, पायाखालचा लेख. म्हणजे नेमक्या त्या गोष्टींत, ज्या सगळ्यात आधी गळून पडल्या. म्हणून या मूर्ती वाचायच्या त्या भोकांवरून, खाचांवरून आणि चऱ्यांवरून.

सुरुवात दगडापासून करावी लागते. नाक्सोस आणि पारोस ही एजियन समुद्रातली शेजारची बेटं, पण दोघांच्या दगडाचा स्वभाव निराळा. नाक्सोसचा संगमरवर भरड कणांचा, किंचित करडा. त्यात मोठे आकार चांगले निघतात, पण पापणीची कड किंवा केसांची बट बारीक करायला गेलं की कण सुटून येतो आणि रेघ फुटते. पारोसचा उत्तम दगड बारीक कणांचा आणि काहीसा पारदर्शक. प्रकाश त्यात थोडा आत शिरून परततो, त्यामुळे गालाला आतून उजेड असल्यासारखं वाटतं. तो डोंगराच्या पोटातून, दिव्याच्या उजेडात काढत. त्या खाणी ज्या गावाजवळ आहेत त्याचं नाव माराथी. (आपला काही संबंध नाही, पण नकाशावर बघून गंमत वाटतेच.)

मोठ्या संगमरवरी कोरायमधली अगदी सुरुवातीची एक नाक्सोसच्या दगडाची आहे. निकांद्रे नावाच्या बाईने ती डेलोस बेटावर आर्टेमिस देवीला वाहिली, इ.स.पू. ६५० ते ६३० मधली, आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. उंची पुरुषभर, पण जाडी वीतभरसुद्धा नाही. समोरून बाई, बाजूने फळी. घडवणाऱ्याला येत नव्हतं म्हणून ती अशी झाली, असं पूर्वी सर्रास म्हणत. मला ते पटत नाही. पातळ शिळा खाणीतून काढायला, होडीत चढवायला आणि उभी करायला सोपी. आणि मूर्ती फक्त समोरून बघायची असेल तर जाडीवर मेहनत कशाला? दोन्ही मुठींत आरपार भोकं आहेत, म्हणजे हातांत धातूचं काहीतरी होतं. डाव्या अंगाला लेख आहे, नांगराच्या तासासारखा एक ओळ इकडून, पुढची तिकडून. त्यात ती आपली ओळख सांगते: नाक्सोसच्या देइनोदिकेसची मुलगी, देइनोमेनेसची बहीण, आता फ्राक्सोसची बायको. बाप, भाऊ, नवरा, तिघांच्या नावांनी बांधलेली. पण मूर्ती वाहिली तिने स्वतः.

घडवण्याची पद्धत ठोकळ्याने ठरवलेली. चौकोनी ठोकळ्याच्या चारही बाजूंवर आकृतीची बाह्यरेषा काढायची, समोरची, मागची आणि दोन्ही कुशींची, आणि चारही बाजूंनी थोडं थोडं आत जायचं. एकच बाजू पुरी करून मग दुसरीकडे वळलं की माप चुकतं: समोरून बरोबर वाटणारा खांदा बाजूने बघितल्यावर पुढे आलेला निघतो आणि तोवर दगड शिल्लक नसतो. ढोबळ आकार खाणीतच काढून घेत, वजन कमी व्हावं म्हणून. नाक्सोसवर अपोलोनास गावाजवळच्या खाणीत १० मीटरहून लांब पुरुषाची अर्धवट मूर्ती अजून आडवी पडलेली आहे. या कामाचा तो टप्पा बघायचा तर तिथे बघावा.

हत्यारांत मुख्य ती टाकी, लोखंडाची टोकदार छिन्नी. पुरातन काळातले ग्रीक पाथरवट टाकी दगडावर जवळजवळ काटकोनात धरून मारत. अशा घावाने दगड सोलला जात नाही, चिरडला जातो. टोकाखालचे स्फटिक फुटतात, आणि ती मार लागलेली जागा आत काही मिलिमीटरपर्यंत पांढरट, अपारदर्शक होते. शेवटचा थर टाकीने खोलवर मारला तर हे पांढरे ठिपके कितीही घासलं तरी जात नाहीत. गालावर आले तर मूर्ती गेलीच म्हणायची. उपाय एकच, अंतिम पृष्ठभागाच्या बराच अलीकडे थांबायचं आणि उरलेली जाडी घासून उतरवायची. घासायला कुरुंद, आणि कुरुंद तर नाक्सोसवरच मुबलक. या मूर्तींचे गाल, हनुवट्या, दंड गोल आणि गुळगुळीत दिसतात ते पुष्कळसं या घासण्यामुळे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही ही आपली म्हण इथे अर्धीच लागू पडते. टाकीचा शेवटचा घाव चुकवल्यामुळेच देवपण आलं.

इ.स.पू. सहाव्या शतकात दातेरी छिन्नी आली. ती टाकीनंतर आणि चपट्या छिन्नीआधी वापरायची. तिच्या दातांमुळे जोर अनेक टोकांत वाटला जातो, त्यामुळे स्फटिक कमी फुटतात आणि पृष्ठभाग लवकर सपाट होतो. मूर्तीच्या मागच्या बाजूला, केसांच्या पडद्याखाली किंवा बैठकीजवळ तिच्या समांतर रेघा अजून सापडतात, कारण तिथे कोणी घासत बसलं नाही. भोकांसाठी सामता, म्हणजे दोरीने फिरवायचं गिरमिट: कानांत दागिना अडकवायला, मुठीत, आणि खांद्यावरून पुढे आलेल्या वेण्यांच्या मधल्या खोल जागांत. वेण्या मोकळ्या कोराव्यात की छातीला चिकटलेल्या ठेवाव्यात, हा प्रत्येक वेळचा निर्णय. मोकळ्या सुंदर दिसतात आणि हमखास तुटतात.

आता परत कोपराकडे. आधीच्या मूर्तींत हात अंगालगत असतात किंवा एक हात दुमडून छातीवर. सामोस बेटावरच्या हेरा देवीच्या आवारात केरामिएस नावाच्या माणसाने इ.स.पू. ५७० ते ५६० च्या सुमारास अशा मूर्ती वाहिल्या. त्यांतली एक पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, १ मीटर ९२ सेंटिमीटर, खाली जवळजवळ गोल खांबच. तिची बहीण बर्लिनमध्ये, छातीशी ससा धरून. ससा अजून जागेवर आहे, कारण ससा, हात आणि छाती हा एकच दगड. अथेन्सभोवतालच्या अटिका प्रांतात सापडलेल्या आणि बर्लिनला गेलेल्या दुसऱ्या एका कोरेच्या हातात डाळिंब आहे, तेही अंगाला धरूनच, म्हणून शाबूत.

पुढे फॅशन बदलली. शतकाच्या उत्तरार्धात मुली हात पुढे करू लागल्या, देवीला काहीतरी देण्यासाठी. इथे हिशोब आडवा येतो. समजा २ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर जाड ठोकळा घेतला. तो ०.६ घनमीटर, संगमरवराचं वजन घनमीटरला सुमारे २.७ टन, म्हणजे १.६ टन. आता पुढे आलेल्या हातासाठी जाडी ८५ सेंटिमीटर करा. वजन पावणेतीन टनांवर जातं. एका हातासाठी टनाहून जास्त दगड खाणीतून काढायचा, बोटीतून आणायचा आणि मग फोडून टाकून द्यायचा. शिवाय आडवा निघालेला बारीक हात काम चालू असतानाच तुटण्याची भीती. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून हात वेगळा.

जोड असा: कोपराच्या तोंडाशी खाच, हाताच्या तुकड्याला तिच्या मापाची खुंटी. खुंटी आत सरकवायची, पक्की बसावी म्हणून कधी आडवं भोक पाडून त्यातून लहान पाचर मारायची, आणि फटी चुन्याच्या लेपाने भरायच्या. वर रंग आला की सांधा दिसत नाही. सांधा सैल पडला की हात स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो आणि खाचेची खालची कड फुटते. त्या फुटलेल्या कडेवरून हात कुठल्या कोनात होता याचा अंदाज बांधता येतो. धातू वापरला असेल तर धोका निराळा. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतालचा दगड आतून फोडतं. ग्रीक कारागीर इमारतींच्या लोखंडी कड्यांना शिशाचं आवरण देत, ते याचसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराची डागडुजी करताना उघडं लोखंड घातलं गेलं आणि पुढे ते सगळं काढून टायटॅनियम बसवावं लागलं.

अक्रोपोलिस संग्रहालयातल्याच ६८० क्रमांकाच्या मूर्तीचा पुढे आलेला हात फळासकट उरला आहे. ६८३ च्या हातात पाखरू आहे. असे नशीबवान थोडे. नशीब दुसरीकडूनही येतं. त्याच टेकडीवरच्या एरेख्थेइऑन मंदिराचं छत डोक्यावर घेणाऱ्या सहा स्त्रिया नंतरच्या, इ.स.पू. ४२० च्या आसपासच्या. बांधकामाच्या हिशोबात त्यांनाही कोराय असंच लिहिलं आहे. त्यांचेही हात गेले. पण रोमन सम्राट हेड्रियनच्या टिव्होलीतल्या वाड्यात १९५२ साली त्यांच्या नकला सापडल्या आणि एका हातात अर्घ्याची उथळ वाटी होती हे कळलं. अक्रोपोलिसवरच्या जुन्या मुलींच्या अशा नकला कोणी केल्या नाहीत, कारण रोमन लोक येईपर्यंत त्या जमिनीखाली गेल्या होत्या.

डोक्यावरची भोकं हा वेगळा वाद. बऱ्याच कोरायच्या टाळूत लोखंडी गजाचं बूड किंवा त्याचं भोक आहे. पक्ष्यांनी घाण करू नये म्हणून वर चंद्रकोरीसारखा पत्रा बसवत, असं एक मत. त्याला आधार एका जुन्या विनोदी नाटकाचा, ज्यात पक्ष्यांचा समूह परीक्षकांना धमकावतो: आम्हाला बक्षीस द्या, नाहीतर पुतळ्यांसारखे पत्रे डोक्यावर घालून फिरा. दुसरं मत म्हणजे हे गज उंच मुकुट किंवा शिरोभूषण पेलण्यासाठी होते. माझा कल असा की सगळ्यांना एकच उत्तर लावायला जाऊ नये. गज बारीक आणि लांब असेल तर पक्षी, भोवती केस सपाट न घडवता नुसते ओबडधोबड सोडलेले असतील तर मुकुट; कारण झाकलं जाणार तिथे कारागीर कष्ट घेत नाही.

वस्त्रांबद्दल लिहायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही. निऱ्या, काठ, पदर, ओचा हे शब्द तयारच आहेत. पेप्लोस लोकरीचा, जाड, खांद्यांवर टाचण्यांनी अडकवलेला, कमरेला पट्टा. निऱ्या जवळजवळ नाहीत. खितोन तागाच्या कापडाचा, पातळ, बाह्या ठिकठिकाणी बटणांनी जोडलेल्या. त्यावर हिमातिओन, छोटं अंगवस्त्र, उजव्या खांद्यावरून तिरकं डाव्या काखेखाली, समोर निऱ्यांची लाटच लाट. आणि डाव्या हाताने खालचा घोळ बाजूला खेचून धरलेला. हा खेचलेला घोळ कारागिराला फार उपयोगी, कारण कापड मांडीवर ताणलं जातं आणि एकाच वस्त्रातून पाय दिसतो, बाजूला निऱ्या पंख्यासारख्या पसरतात. पण बारकाईने पाहिलं तर हिशोब चुकतो. छातीवर बारीक वळ्यावळ्यांचा असलेला खितोन कमरेखाली सपाट होतो, जणू दुसरंच वस्त्र. कुठल्या निऱ्या कुठल्या कापडाच्या, हे दगडात सुटत नाही. ते सोडवणं रंगाचं काम होतं: वरचा भाग निळा आणि खालचाही निळाच, म्हणजे वस्त्र एकच. रंग गेल्यावर कोडं उरलं आणि अभ्यासकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली.

रंगाचं प्रकरण मोठं आहे. गेरू, पिवळी माती, हिंगूळ, निळा अ‍ॅझुराइट, हिरवा मॅलाकाइट, इजिप्शियन निळा, सफेदा, काजळी, एवढ्यातून बहुतेक काम होई. रंगवण्याआधी नक्षीची रेघ टोकाने दगडावर कोरून घेत. काठावरचा वेलपट्टा, चौकडीची वळणं, फुलं, सगळं आधी ओरखडून. रंग उडाला तरी ओरखडा राहतो. शिवाय प्रत्येक रंगाने आपल्याखालचा दगड कमीजास्त काळ वाचवला, त्यामुळे जिथे रंग टिकाऊ होता तिथे पृष्ठभाग केसभर उंच आणि शेजारी झिजलेला. रंगाविना नक्षीचं भूत मागे राहिलं आहे.

ते बघायची रीत सोपी आहे. खोली अंधारी करायची आणि दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा, म्हणजे बारीक उंचवट्याचीही सावली पडते. नवशिका इथेच फसतो: दिवा एकाच बाजूने धरतो. प्रकाशाच्या दिशेत असलेल्या रेघांना सावलीच पडत नाही, त्या नाहीशा होतात आणि अर्धीच नक्षी नोंदली जाते. दिवा चारही बाजूंनी फिरवायचा, प्रत्येक कोनाचा वेगळा फोटो घ्यायचा. दुसरी रीत इजिप्शियन निळ्यासाठी. या रंगावर दृश्य प्रकाश पडला की तो अवरक्त किरण सोडतो, साधारण ९१० नॅनोमीटरचे. कॅमेऱ्यापुढे दृश्य प्रकाश अडवणारी काच लावली की डोळ्यांना न दिसणारा एकेक कण फोटोत शुभ्र चमकतो. अट एकच, वापरलेल्या दिव्यात स्वतःचे अवरक्त किरण नसावेत. खिडकीतून ऊन आलं किंवा जुना तारेचा बल्ब चालू राहिला तर अख्खी मूर्ती उजळते आणि फोटो फुकट जातो. आणि काही चमकलं नाही म्हणून निळा नव्हताच, असंही म्हणता येत नाही, कारण अ‍ॅझुराइट निळा असूनही चमकत नाही.

अ‍ॅझुराइटने आणखी एक घोटाळा केला. ओलसर मातीत तो हळूहळू मॅलाकाइटमध्ये बदलतो, म्हणजे निळ्याचा हिरवा होतो. ६७५ क्रमांकाची लहानशी कोरे, उंची सुमारे ५५ सेंटिमीटर, तिचा खितोन आज हिरवा दिसतो. मूळचा तो निळा. हिंगूळ उजेडात काळवंडतो. म्हणजे जमिनीखाली एक बदल आणि जमिनीवर आल्यावर दुसरा. उत्खननानंतर लवकरच एमिल झिलिएरोंने काढलेली जलरंगातली चित्रं म्हणूनच मोलाची. त्यांत असे रंग आहेत जे आता मूर्तीवर डोळ्यांना दिसत नाहीत. चित्र मूर्तीपेक्षा विश्वासू ठरण्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

त्या ६७९ क्रमांकाच्या मुलीचं या तपासणीत काय झालं बघा. केंब्रिजला १९७५ साली तिच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीला रंग दिला, तेव्हा ती साध्या पेप्लोसमधली मुलगी होती. नंतर जर्मन अभ्यासक व्हिन्त्सेन्त्स ब्रिंकमान आणि उल्रिके कोख-ब्रिंकमान यांनी तिरप्या प्रकाशात तपासणी केली. कपड्याच्या पुढच्या उभ्या पट्ट्यावर प्राण्यांच्या रांगा निघाल्या आणि ते वस्त्र पेप्लोस नसून पूर्वेकडच्या धाटणीचा, पुढून पट्टा असलेला उंची अंगरखा आहे, असं त्यांनी मांडलं. असा अंगरखा साध्या मुलीच्या अंगावर नसतो, देवीच्या असतो. मग देवी कोणती? त्यांनी दोन प्रतिकृती केल्या. एकीच्या हातात धनुष्य आणि बाण, ती आर्टेमिस. दुसरीच्या डोक्यावर शिरस्त्राण, ती अथेना. दगड तोच, पुरावा तोच. उत्तर त्या हरवलेल्या डाव्या हातात आणि उजव्या मुठीच्या भोकात होतं. नाव मात्र अजून पेप्लोस कोरेच चालू आहे, पाट्यांना सवय लागलेली.

या रंगीत प्रतिकृती बघून अनेकांना भडक वाटतं. त्यात प्रतिकृतीचाही दोष असतो. प्लास्टर प्रकाश गिळतं. संगमरवर तो आत घेऊन परत देतो, त्यामुळे रंगाचा पातळ थरही खालून उजळतो. प्लास्टरवर दिलेला तोच रंग भिंतीला दिल्यासारखा सपाट दिसतो. पुढच्या प्रतिकृती काहीशा पारदर्शक कृत्रिम दगडात केल्या गेल्या, त्या बऱ्याच जवळ जातात.

बैठकीकडे फार कोणी बघत नाही, आणि नावं तर तिथेच असतात. मूर्तीच्या पायाभोवती दगडाची वेडीवाकडी पातळ चकती ठेवत. बैठकीच्या दगडात त्याच आकाराचा, थोडा मोठा खड्डा. मूर्ती उभी करून पाचरांनी सरळ करायची आणि फटीत वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीवरचं काम. पण खड्ड्यात ओल असेल तर वाफ होऊन शिसं उसळतं, दगड गार असेल तर ते अर्ध्यावरच गोठतं आणि खाली पोकळी राहते. थंड होताना ते आकसतं, म्हणून वरून ठोकून दाबावं लागतं. हे जमलं की शिशाची कडी दोन दगडांच्या मापाची होते, दुसऱ्या कुठल्याही जोडीला न बसणारी.

फ्रासिक्लेयाची ओळख अशा कडीनेच पटली. अटिकातल्या मेरेन्दा गावी चर्चच्या बांधकामात वापरलेला एक लेखाचा दगड अठराव्या शतकापासून ठाऊक होता: ‘फ्रासिक्लेयाची ही खूण. मला कायम कुमारिकाच म्हणतील. लग्नाच्या जागी देवांनी हेच नाव माझ्या वाट्याला दिलं.’ शेजारच्या बाजूवर कारागिराचं नाव, पारोसचा अरिस्तिओन. मूर्ती बेपत्ता. १९७२ साली तिथून जवळच एका खड्ड्यात पारोसच्या दगडाची मुलगी आणि तिच्यासोबत एक तरुण असे दोघे आडवे ठेवलेले सापडले. मुलीच्या पायाशी शिशाची कडी होती. चर्चमधल्या दगडाच्या खड्ड्यात ती बसली. दोनशे वर्षांहून जास्त काळ नुसतं वाक्य असलेल्या मुलीला चेहरा मिळाला. मूर्ती इ.स.पू. ५५० ते ५४० ची, डोक्यावर कमळांचा मुकुट, एक उमललेलं एक कळी असा. छातीशी धरलेल्या डाव्या हातातली कळी मिटलेलीच. लाल वस्त्रावर कोरून रंगवलेली फुलं, रंग ठिकठिकाणी अजून शाबूत, कारण कोणीतरी तिला उखडून न फोडता काळजीपूर्वक पुरलं होतं. शत्रूच्या भीतीने पुरलं की घराण्यांच्या भांडणात, यावर मतं दोन आहेत.

अक्रोपोलिसवरचे लेख निराळ्या सुराचे, कामकऱ्यांचे. नाउलोखोस नावाच्या माणसाने समुद्राच्या सोन्याच्या त्रिशूळवाल्या राजाने दिलेल्या मिळकतीतला पहिला वाटा म्हणून ‘ही कोरे’ वाहिली. नेआर्खोस नावाच्या दात्याने, जो बहुधा कुंभार होता, कामाच्या पहिल्या कमाईतून मूर्ती दिली आणि ती आन्तेनोरने घडवली. ती ६८१ क्रमांकाची, दोन मीटरहून उंच, दालनातली सगळ्यात दांडगी मुलगी. तो लेख याच मूर्तीचा का, यावर वाद बराच झाला. देणारे पुरुष, घेणारी देवी, आणि मध्ये उभी असलेली मुलगी ना दात्याची लेक ना देवी. तिच्याकडे बघून देवीला आनंद व्हावा, एवढंच तिचं काम. पुष्कळ मूर्ती जमिनीवर नव्हे, तर उंच स्तंभावर होत्या. आज आपण डोळ्याला डोळा भिडवून बघतो ते मूळ पाहणाऱ्याला कधीच मिळालं नाही.

स्तंभावरून ढकलली की मूर्ती मानेत, कोपरात आणि घोट्यात तुटते. इ.स.पू. ४८० साली क्सेर्क्सेसच्या पर्शियन सैन्याने अथेन्स घेतलं आणि अक्रोपोलिस जाळलं तेव्हा तेच झालं. परतलेल्या अथेन्सवासीयांनी तुकडे फेकून न देता टेकडीवरच भरावात पुरले. देवाची वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. पानायोतिस कव्वादियास यांच्या १८८५ ते १८९० च्या उत्खननात ते वर आले. १८८६ च्या सुरुवातीला एरेख्थेइऑनच्या वायव्येला एकाच खड्ड्यात १४ कोराय निघाल्या. हवा, पाऊस आणि चुनखडीच्या भट्ट्या यांतून त्या वाचल्या त्या या विध्वंसामुळेच. ज्या मूर्ती इतरत्र उभ्या राहिल्या त्यांतल्या बहुतेकींचा पुढच्या शतकांत चुना झाला.

सगळे तुकडे मात्र खड्ड्यात नव्हते. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या संग्रहालयात एका कोरेचं कमरेवरचं अंग फार आधीपासून होतं, आणि ती मूळची कुठली यावर तर्क चालले होते. १९३० च्या दशकात हम्फ्री पेन या तरुण इंग्रज अभ्यासकाने अक्रोपोलिसवरचे खालच्या अंगाचे तुकडे तिच्याशी जुळवले. वरचा भाग ल्योंला आणि खालचा अथेन्सला, आजही तसेच.

शेवटच्या मुलींपैकी एक इ.स.पू. ४८० च्या थोडीच आधीची, थालियार्खोसचा मुलगा एउथिदिकोस याने वाहिलेली. तीही दोन तुकड्यांत आहे: ६८६ म्हणजे वरचं अंग, ६०९ म्हणजे पायांकडचा भाग लेखासकट. निऱ्यांची हौस इथे ओसरलेली, वस्त्र जड, पापण्या जाड, आणि ओठांच्या कडा खाली वळलेल्या. फ्रेंच अभ्यासकांनी तिला रुसूबाई ठरवलं. रुसण्याचा संबंध नाही. या कारागिराला हसऱ्या ओठांचं जुनं वळण नको होतं. नंतरच्या पिढीच्या गंभीर चेहऱ्यांकडे तो आधीच वळला होता. मूर्ती उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत पर्शियन आले. नंतर अक्रोपोलिसवर पुन्हा बांधकाम झालं, मूर्ती झाल्या, पण हात पुढे करून उभ्या असलेल्या या मुली कोणी मागवल्या नाहीत.